डोळे उघडलेलं सीताफळ

आमच्या धारूरकडच्या बालाघाटाच्या डोंगरात सीताफळाची झाडे आपोआप उगवतात. शेळ्या त्यांचा पाला खात नाहीत. दसऱ्याच्या सुमारास फळे येतात. मग मी आजीबरोबर आठवडी बाजारात विकायला जाते.

मागच्या वर्षी मी घाईने कच्चीच तोडली. ती पिकली नाहीत, काळी पडून दगडासारखी झाली. पाटीभर वाया! माझ्या वहीचे पैसे गेले. आजी रागावली नाही. म्हणाली, "आधी डोळे उघडले का बघावं, बाई."

फळावरच्या फुगीर खवल्यांना डोळे म्हणतात. त्यांच्यामधल्या फटी पिवळसर दिसल्या की तोडावे. गवतात ठेवले की दोन-तीन दिवसांत मऊ होते.

बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, असे गुरुजी म्हणाले.

यंदा पाटी मीच निवडली. दुपारपर्यंत दोनच फळे उरली. ती आम्ही खाल्ली.