विश्लेषण : लांद्रू ते लखोबा... लग्नाच्या नावाने फसवणाऱ्यांवर आपण हसतो का? आणि कायदा काय सांगतो?

पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात युरोपीय चित्रपटासाठी रांगेत उभा राहणारा प्रेक्षक आणि कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात रविवारी नाटकाला जाणारा प्रेक्षक पुष्कळदा एकच असतो. या प्रेक्षकासाठी एक योगायोग सांगण्यासारखा आहे. ऑक्टोबर १९६२ मध्ये ‘तो मी नव्हेच’ रंगमंचावर आले आणि पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये ‘लांद्रू’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. दोन्हींचा नायक नावे बदलून बायकांना लग्नाच्या जाळ्यात ओढणारा भामटा. दोन्ही कथांमागे खरे खटले. आणि दोन्ही ठिकाणी प्रेक्षक हसला. हे हसणे नेमके कशाचे, खऱ्या आयुष्यात अशा माणसाला कोण पकडते आणि आजचा कायदा फसलेल्या व्यक्तीला काय देतो, याचा हा आढावा.

‘लांद्रू’ चित्रपट कशावर आहे?

आंरी देझिरे लांद्रू हा पॅरिसचा माणूस. बायको आणि चार मुले असलेला. पहिले महायुद्ध सुरू होते, तरुण पुरुष आघाडीवर होते आणि शहरात विधवा व एकाकी बायका मागे राहिल्या होत्या. लांद्रू वर्तमानपत्रात विवाहविषयक जाहिराती देई. सुस्थितीतला विधुर असल्याचे भासवून पत्रव्यवहार करी, भेटे, लग्नाचे वचन देई. मग बाईचे पैसे, रोखे, अगदी घरातले सामानसुमानही ताब्यात घेई. पॅरिसबाहेर व्हेर्नुये आणि गांबे या गावांत त्याने घरे भाड्याने घेतली होती. तिथे गेलेल्या बायका परत आल्या नाहीत.

पोलिसांना त्याच्या नोंदींतून तब्बल २८३ बायकांशी आलेल्या संपर्काचा माग लागला. त्याच्यावर दहा बायका आणि त्यांपैकी एकीचा तरुण मुलगा अशा अकरा खुनांचे आरोप ठेवले गेले. एकही मृतदेह मिळाला नाही; चुलीच्या राखेत हाडांचे तुकडे मिळाले. सगळ्यांत बोलका पुरावा ठरला तो त्याच्या खिशातल्या हिशेबवहीचा. पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या या माणसाने रेल्वेच्या तिकिटांचा खर्चही लिहून ठेवला होता. स्वतःसाठी जाण्यायेण्याचे तिकीट आणि सोबतच्या बाईसाठी फक्त जाण्याचे.

नोव्हेंबर १९२१ मध्ये व्हर्साय येथे खटला चालला आणि २५ फेब्रुवारी १९२२ रोजी त्याला गिलोटिनवर देहदंड देण्यात आला. शेवटपर्यंत त्याने एकही खून कबूल केला नाही.

क्लोद शाब्रोल यांनी या प्रकरणावर काळा विनोद रचला. पटकथा कादंबरीकार फ्रांस्वाज सागां यांची, मुख्य भूमिका शार्ल देनेर यांची. चित्रपटात रक्त दिसत नाही. दिसते ती दाढीवाल्या गृहस्थाची अदब, गोड भाषा आणि धुरांड्यातून निघणारा धूर. तिकीट खिडकीवरचे ‘एक जाण्याचे, एक जाण्यायेण्याचे’ हे मागणे पुन्हा पुन्हा येते आणि प्रेक्षक हसतो. हसल्यावर त्याच्या लक्षात येते की आपण कशाला हसलो. त्याआधी १९४७ मध्ये चार्ली चॅप्लिन यांनी ऑर्सन वेल्स यांच्या कल्पनेवरून याच प्रकरणावर ‘मस्य व्हर्दू’ काढला होता.

मग मराठीतला ‘लखोबा’ कुठून आला?

आचार्य अत्रे यांच्या ‘तो मी नव्हेच’ला आधार होता तो माधव काझी या भामट्याच्या गाजलेल्या खटल्याचा. वेगवेगळी नावे आणि वेगवेगळे हुद्दे सांगून त्याने अनेक बायकांना फसवले होते. अत्र्यांनी त्यातून निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे उभा केला. दिवाकर दातार, कॅप्टन अशोक परांजपे, राधेश्याम महाराज, दाजीशास्त्री दातार ही त्याची इतर रूपे. नाटक घडते न्यायालयात. एकेक साक्षीदार पिंजऱ्यात येतो आणि त्याच्या साक्षीबरोबर मागची हकीकत समोर उभी राहते. त्यासाठी वापरलेला फिरता रंगमंच हाही तेव्हा मोठ्या चर्चेचा विषय झाला.

८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्लीत पहिला प्रयोग झाला. दिग्दर्शन मो. ग. रांगणेकर यांचे. प्रभाकर पणशीकर यांनी पाचही रूपे साकारली आणि पुढची कित्येक दशके ‘पंत’ आणि ‘लखोबा’ ही नावे एकमेकांना चिकटून राहिली. १३ जानेवारी २०११ रोजी पुण्यात पंतांचे निधन झाले. त्यानंतरही हे नाटक थांबले नाही, डॉ. गिरीश ओक यांनी लखोबा उभा केला.

अत्र्यांना फ्रेंच विनोदाचे वावडे नव्हते. मोलिएरच्या कंजूष नायकावरून त्यांनी ‘कवडीचुंबक’ लिहिले होते. लखोबा मात्र अस्सल इथल्या मातीतला. लांद्रू बायकांचा जीव घेतो, लखोबा त्यांचे आयुष्य आणि पैसा घेतो. साम्य आहे ते नाकारण्यात. कितीही साक्षी झाल्या तरी ‘तो मी नव्हेच’ हे लांद्रूनेही आपल्या परीने अखेरपर्यंत म्हटलेच.

प्रेक्षक हसतो कशाला?

भामट्याच्या हुशारीला, हे सोपे उत्तर. पण दोन्ही कलाकृती नीट पाहिल्या तर विनोदाचा खरा रोख आपल्यावरच आहे. भामटा समोरच्या घराला जे हवे असते तेच विकत असतो. कुणाला हुद्दा हवा, कुणाला प्रतिष्ठित घराणे, कुणाला धार्मिक वळण, कुणाला फक्त आधार. लखोबा घर पाहून नाव, आडनाव, पेशा आणि बोलण्याची ढब बदलतो. लांद्रू वेगवेगळ्या बायकांसाठी वेगवेगळी नावे घेतो. ‘स्थळ’ चांगले आहे म्हटल्यावर आपण पगार, फ्लॅट, परदेशातली नोकरी विचारतो. हा माणूस खरोखर तोच आहे का, हे विचारायला संकोचतो. ‘एवढं विचारलं तर काय वाटेल त्यांना?’ या एका वाक्यावर भामट्याचा सगळा धंदा चालतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. लखोबाची नावे प्रेक्षकांना पाठ असतात. त्याने फसवलेल्या बायकांची किती जणांना सांगता येतील? काळ्या विनोदाची ही किंमत आहे. ‘लांद्रू’च्या बाबतीत ती थेट न्यायालयात वसूल झाली. अटकेच्या वेळी लांद्रूबरोबर राहणारी आणि जीव वाचलेली त्याची प्रेयसी फर्नांद सेग्रे चित्रपट आला तेव्हा हयात होती. आपले आयुष्य पडद्यावर करमणुकीसाठी वापरल्याबद्दल तिने दावा लावला आणि नुकसानभरपाई मिळवली. ज्याला प्रेक्षक पात्र समजत होते, ती एक जिवंत बाई होती.

अशा माणसाला पकडते कोण?

खऱ्या प्रकरणात हे श्रेय एका बहिणीचे आहे. सेलेस्टिन ब्यूइसाँ ही विधवा बेपत्ता झाल्यावर तिच्या बहिणीने प्रकरण सोडले नाही. एप्रिल १९१९ मध्ये पॅरिसच्या एका दुकानात लांद्रू ओळखला गेला आणि पोलिसांना कळवण्यात आले. बेपत्ता झालेल्या दुसऱ्या एका बाईच्या कुटुंबाचीही तक्रार आली होती. दोन तक्रारींतला माणूस एकच आहे, हे समोर आल्यावर सगळा उलगडा झाला.

अत्र्यांच्या नाटकातही हेच घडते. एकेकटी असताना प्रत्येक बाई लखोबापुढे हतबल आहे. त्या सगळ्या एका न्यायालयात येतात तेव्हा त्याची पाच माणसे मिळून एक होतात. अशी फसवणूक टिकते ती फसलेल्याच्या लाजेवर. बाहेर कळले तर मुलीचे पुढे कसे होणार, या धाकाने घर गप्प बसते आणि तो पुढच्या घरी जातो.

आज कोणती कलमे लागू होतात?

मुंबई प्रांताने १९४६ मध्येच हिंदूंमधील द्विभार्या विवाहाला कायद्याने बंदी घातली होती. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ती देशभर लागू झाली. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे. त्यातील महत्त्वाची कलमे अशी :

● कलम ८२ : पहिला जोडीदार हयात असताना व ते लग्न कायम असताना केलेले, कायद्याने रद्दबातल ठरणारे दुसरे लग्न. शिक्षा सात वर्षांपर्यंत. पहिले लग्न लपवले असेल तर दहा वर्षांपर्यंत.

● कलम ८१ : कायदेशीर लग्न झाले आहे असा खोटा समज करून देऊन बाईशी सहवास करणे. शिक्षा दहा वर्षांपर्यंत.

● कलम ६९ : पाळण्याचा इरादाच नसताना लग्नाचे वचन देऊन किंवा ओळख लपवून लग्न करून शरीरसंबंध ठेवणे. शिक्षा दहा वर्षांपर्यंत.

● कलम ३१८ व ३१९ : फसवणूक आणि तोतयेगिरी. पैसे, दागिने उकळले असतील तर हीच कलमे सर्वांत उपयोगी पडतात. ऑनलाइन तोतयेगिरीसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ ड आहे.

मोडलेले प्रत्येक नाते म्हणजे गुन्हा नव्हे, हेही लक्षात घ्यावे. वचन देतानाच ते खोटे होते की पुढे परिस्थितीमुळे पाळता आले नाही, हा फरक सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात स्पष्ट केला आहे.

पुरुषही फसतात. राज्याच्या ग्रामीण भागात लग्न न जमणाऱ्या तरुणांकडून मध्यस्थ पैसे घेतात, लग्न लावतात आणि नवरी काही दिवसांत दागिन्यांसह पसार होते, अशी प्रकरणे वारंवार समोर येतात. तिथेही फसवणुकीचे कलम तितकेच लागू होते.

फसलेल्या बाईला पोटगी मिळते का? मुलांचे काय?

हा प्रश्न वकिलाकडे सर्वांत आधी विचारला जातो. नवऱ्याचे पहिले लग्न कायम असेल तर हिंदू विवाह कायद्यानुसार दुसरे लग्न मुळातच रद्दबातल ठरते. मग ‘तू माझी बायकोच नाहीस’ असे म्हणून तो हात झटकू शकतो का? नाही. पहिले लग्न लपवून दुसरे करणाऱ्या पुरुषाला स्वतःच्याच लबाडीचा फायदा घेऊन पोटगी टाळता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटले. ते प्रकरणही महाराष्ट्रातलेच होते. अशा लग्नातून झालेली मुले त्याच कायद्याच्या कलम १६ नुसार औरस मानली जातात.

नोकरी, आजार किंवा ओळख यांबाबत महत्त्वाची गोष्ट दडवून संमती मिळवली असेल तर कलम १२ खाली लग्न रद्द करून घेता येते. मात्र फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो आणि कळल्यानंतर स्वेच्छेने एकत्र राहिलेले नसावे लागते. ‘थोडं थांबून बघू’ हा घरच्यांचा सल्ला इथे महागात पडू शकतो.

लग्नाआधी काय तपासावे? फसल्यास कुठे जावे?

महाराष्ट्रात विवाह मंडळांचे विनियमन आणि विवाह नोंदणी यासाठी १९९८ चा स्वतंत्र कायदा आहे. विवाह मंडळाची नोंदणी आहे का, हे विचारण्याचा संकोच बाळगू नये. विवाहविषयक संकेतस्थळांसाठी केंद्र सरकारने २०१६ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यात वापरकर्त्यांची पडताळणी आणि तक्रार निवारण अधिकारी यांचा उल्लेख आहे. तरीही संकेतस्थळावरचे ‘व्हेरिफाइड’ चिन्ह म्हणजे माणसाची हमी नव्हे.

घटस्फोटित असल्याचे सांगितले तर न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत मागावी. स्टँप पेपरवर नोटरीसमोर लिहिलेली सोडचिठ्ठी म्हणजे न्यायालयाचा घटस्फोट नव्हे. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने खटले शोधता येतात. नोकरीची खात्री त्याने दिलेल्या फोन नंबरवर करू नये. कंपनीचा नंबर स्वतः शोधून फोन करावा. कुटुंब, शेजार, मित्र यांपैकी कुणालाच भेटू न देणारे स्थळ कितीही उजवे असले तरी थांबावे. आणि प्रत्यक्ष भेटीआधी पैशांची मागणी झाली, परदेशातून पाठवलेली भेटवस्तू ‘कस्टम्समध्ये अडकली’ असे सांगितले गेले, तर संवाद तिथेच तोडावा.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या हेल्पलाइनवर तातडीने कळवावे. सुरुवातीच्या काही तासांत तक्रार झाली तर रक्कम गोठवली जाण्याची शक्यता वाढते. गुन्हा कुठेही घडलेला असो, जवळच्या पोलीस ठाण्यात ‘झीरो एफआयआर’ नोंदवता येतो. पुण्यात पोलिसांचा भरोसा सेल आहे. द्विभार्या विवाहाची तक्रार दंडाधिकाऱ्यांपुढे करावी लागते आणि बाईच्या वतीने तिचे आईवडील, भाऊ, बहीणही ती करू शकतात. फसलेली दुसरी बायकोही तक्रारदार होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितले आहे. मेसेज, फोटो, बँकेच्या नोंदी, लग्नपत्रिका यांतले काहीही रागाच्या भरात डिलीट करू नये. लांद्रूला त्याच्या वहीतल्या तिकिटांच्या हिशेबाने गोत्यात आणले. आजचा भामटा आपली वही फसलेल्या बाईच्याच फोनमध्ये ठेवून जातो.