भिंतीपासून बोटभर दूर!

तुमच्या किंवा एखाद्या मैत्रिणीच्या घरी ‘वुडन फ्लोअरिंग’ आहे? मग खाली बसा आणि एका फळीवरची गाठ नीट न्याहाळा. आता तशीच, अगदी तश्शीच गाठ दुसऱ्या फळीवर शोधा. सापडली? म्हणजे ते लाकूड नाही, लाकडाचा फोटो आहे! याला म्हणतात लॅमिनेट. स्वीडनमधल्या पेर्स्टॉर्प कंपनीने १९७७ साली ही युक्ती काढली. वर पारदर्शक कडक थर, त्याखाली छापील कागद आणि त्याच्याखाली लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेली फळी. सगळं मिळून जाडी जेमतेम ८ ते १२ मिलिमीटर.

फोटो खोटा असला तरी आतले तंतू खरे आहेत बरं का! आणि लाकडाची खोड तुम्हाला माहीत आहेच. पावसाळ्यात दार चौकटीत अडकून बसतं आणि हिवाळ्यात आपोआप मोकळं होतं. (म्हणून भर जुलैत सुतारकाकांना रंधा मारायला लावू नये. जानेवारीत त्याच दाराला फट पडलेली दिसते.) पावसाळी हवेत पाण्याची वाफ भरपूर असते. तिचे कण लाकडाच्या तंतूंत शिरतात, आपल्यापुरती जागा करून घेतात आणि तंतू फुगतात. खऱ्या लाकडाची फळी रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाहीच. लॅमिनेटमध्ये मात्र तंतू कसेही, सगळ्या दिशांना पडलेले. त्यामुळे ते लांबीतही वाढतं आणि रुंदीतही.

किती वाढतं? समजा, मीटरला फक्त १ मिलिमीटर. पाच मीटरच्या खोलीत झाले ५ मिलिमीटर. हॅट्, एवढंसं! त्याने काय होणार?

एक प्लास्टिकची ३० सेंटिमीटरची पट्टी घ्या, जरा वाकणारी. दोन जाडजूड पुस्तकांच्या मध्ये ती आडवी ठेवा आणि एक पुस्तक अगदी हळू, फक्त १ मिलिमीटर आत सरकवा. पट्टीचं पोट वर येईल, तेही एका सेंटिमीटरहून जास्त! सरकवलं त्याच्या दहापट उचललं गेलं.

आता हेच खोलीभर करून बघू. पाच मीटरची जमीन ५ मिलिमीटर वाढली, पण दोन्हीकडे भिंती हटून बसल्या आहेत. मग तिला मध्येच घडी पडून उठावं लागेल. घरातल्या ताईदादाला पायथागोरसचा सिद्धांत येत असेल तर गणित करायला सांगा. उत्तर येतं ११ सेंटिमीटर. खरी जमीन वजनामुळे इतकी सरळ उठत नाही. एखाद्या जोडापाशी फुगवटा येतो, चालताना पायाखाली दबतो, कधी जोडच तुटतो. पण ५ मिलिमीटरचं बळ कळलं ना?

म्हणून कारागीर पहिली फळी भिंतीला टेकवतच नाहीत. मध्ये छोटे ठोकळे ठेवून चारही बाजूंनी ८ ते १० मिलिमीटर फट सोडतात आणि काम झालं की ठोकळे काढून घेतात. फळ्या खाली चिकटवायच्या नाहीत, खिळेही ठोकायचे नाहीत. त्या फक्त एकमेकींत अडकतात आणि फोमच्या पातळ थरावर मोकळ्या पडून राहतात. म्हणजे सगळी जमीन एकच भलामोठा तुकडा, हवा तसा फुगायला आणि आकसायला मोकळा. फळ्या बसवण्याआधी दोन दिवस त्याच खोलीत ठेवतात, तिथल्या हवेशी ओळख व्हावी म्हणून.

मग फट दिसत का नाही? भिंतीच्या पायथ्याशी लावलेली स्कर्टिंगची पट्टी तिला झाकते. ही पट्टी भिंतीला ठोकायची, जमिनीला नाही. दारातही दोन खोल्यांच्या मध्ये फट असते आणि तिच्यावर धातूची पट्टी बसवलेली असते.

एवढी सगळी काळजी घेतल्यावर मग घरातलं कुणीतरी दार भिंतीवर आपटू नये म्हणून जमिनीत एक जाड स्क्रू पिळतं. झालं! त्या जागी जमीन जखडली गेली. आता फट भिंतीपाशी असूनही त्या बाजूला सरकायला तिला वावच उरत नाही.