न्यायाच्या खुर्चीवर कॉन्स्टन्स मोटली

तंट्यात निवाडा करायला बाई बसली, की कुणीतरी म्हणतंच, "ती बाई आहे, बाईचीच बाजू घेणार." अमेरिकेत 1975 साली एका न्यायाधीश बाईंवर असाच आक्षेप घेतला गेला. त्यांनी त्याला काय उत्तर दिलं, ते आज आम्ही सांगणार आहोत.

त्यांचं नाव कॉन्स्टन्स बेकर मोटली. जन्म 1921 चा, न्यू हेवन शहरातला. आईवडील नेव्हिस या कॅरेबियन बेटावरून आलेले, काळ्या वर्णाचे. वडील येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या क्लबात स्वयंपाकी होते. बारा भावंडांत कॉन्स्टन्स नववी. वकील व्हायचं मनात होतं, पण फीला पैसे नव्हते. एका सभेत त्यांचं बोलणं ऐकून एका गोऱ्या कंत्राटदाराने शिक्षणाचा खर्च उचलला. 1946 साली त्यांनी कोलंबिया विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली.

तेव्हा दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या मुलांच्या शाळा कायद्यानेच वेगळ्या होत्या. त्याविरुद्ध त्या कोर्टात लढल्या. जेम्स मेरेडिथ या काळ्या तरुणाला 1962 साली मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश मिळाला, तो खटला त्यांनीच लढवला होता. सुप्रीम कोर्टात त्यांनी दहा खटले मांडले आणि नऊ जिंकले.

1966 साली राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी न्यूयॉर्कच्या फेडरल, म्हणजे केंद्राच्या, जिल्हा न्यायालयासाठी त्यांचं नाव सुचवलं. साक्षी-पुरावे पहिल्यांदा तपासले जातात ते याच पायरीवर. या नेमणुकीला सिनेटची मंजुरी लागते. मिसिसिपीच्या एका सिनेटरने विरोध केला आणि सात महिने गेले. शेवटी ऑगस्टमध्ये मंजुरी मिळाली. फेडरल न्यायाधीश झालेल्या त्या पहिल्या काळ्या महिला. हे पद तहहयात असतं आणि पगारही कमी करता येत नाही. त्यामुळे निकाल देताना कुणाच्या नाराजीची भीती राहत नाही.

1975 साली एका महिला वकिलाने वकिलांच्या एका बड्या फर्मवर, बायकांना डावललं जातं म्हणून, दावा लावला. फर्मचं म्हणणं पडलं, की या न्यायाधीश स्वतः बाई आहेत, भेदभावाविरुद्ध लढलेल्या आहेत, तेव्हा त्यांनी खटला सोडावा. मोटलीबाईंनी नकार दिला. त्यांचा मुद्दा साधा होता. प्रत्येक न्यायाधीश पुरुष किंवा स्त्री असतोच, त्याला वर्ण असतोच. एवढ्यावरून बाजूला व्हायचं, तर हा खटला या कोर्टातला कोणताच न्यायाधीश चालवू शकणार नाही.

1978 साली बेसबॉलच्या मैदानावर खेळाडूंच्या खोलीत मुलाखतीसाठी पुरुष पत्रकारांना सोडत आणि महिला पत्रकाराला अडवत. तो भेदभावही त्यांनी बेकायदा ठरवला. 1982 साली त्या त्याच न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीश झाल्या. 2005 साली वारल्या, तेव्हाही त्या न्यायाधीशच होत्या.

मैत्रिणींनो, निवाड्याला बसलेला पुरुष हाही पुरुषच असतो. मग संशय फक्त बाईवरच का? दोन्ही बाजू ऐकल्या का, कागद पाहिले का, एवढंच विचारायचं. गटाच्या पुढच्या बैठकीत यावर जरूर बोला.