एका बिटाने सरकलेला राजपुत्र

संपादकांच्या यादीत आठ-दहा नावं होती. डेव्ह, प्रिन्स, वुल्फ, लेमिंग्ज, मारिओ. नव्वदीत ज्यांनी कॉम्प्युटर क्लासची फी भरली आणि सरांची पाठ वळताच डॉसच्या काळ्या स्क्रीनवर गेम्सची डिरेक्टरी गाठली, त्यांना ती तोंडपाठ असेल. प्रत्येक गेमला एकेक परिच्छेद द्यायचा असं ठरलं होतं. पण यातल्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चा मूळ प्रोग्राम आज कोणालाही वाचायला खुला आहे. तो उघडून बसलो आणि बाकीची यादी तशीच राहिली.

इतिहास थोडक्यात उरकतो. जॉर्डन मेकनर हा न्यूयॉर्कचा मुलगा येल विद्यापीठात शिकत असतानाच, १९८४ मध्ये, त्याचा ‘कराटेका’ हा गेम ब्रॉडरबंड कंपनीने बाजारात आणला. पदवी पदरात पडल्यावर १९८५ मध्ये त्याने दुसरा गेम सुरू केला आणि त्यात चार वर्षं घालवली. मधल्या काळात त्याला पटकथा लिहायचं वेड लागलं, काम पडून राहिलं. ऑक्टोबर १९८९ मध्ये ॲपल टू संगणकासाठी ‘प्रिन्स’ बाहेर आला, तोवर त्या संगणकाचीच सद्दी संपत आली होती. विक्री यथातथाच झाली. पुढच्या वर्षी लान्स ग्रूडीने लिहिलेली डॉसची आवृत्ती आली. आपल्याकडे फ्लॉपीवरून फ्लॉपीवर उतरत तालुक्याच्या क्लासपर्यंत पोचली ती हीच. पैसे अर्थात कोणी दिले नव्हते.

कथा पोरखेळ आहे: दुष्ट वजीर जाफर, कैदेतली राजकन्या, हातात साठ मिनिटं. पहिल्यांदा बघणारा थबकायचा तो चालण्यापाशी. डेव्ह सोंगटीसारखा हलतो. बटण दाबलं की पुढे, सोडलं की जागच्या जागी थांबला. प्रिन्सला अंग आहे. धावताना थांबायचं म्हटलं तर तो घसरत पुढे जातो. कडेला लोंबकळला की त्याचे पाय झुलतात. वर चढताना कोपरावर भार येतो. म्हणूनच तो खाली सुळ्यांवर पडला की पोटात कालवायचं.

हे अंग मेकनरच्या धाकट्या भावाचं. डेव्हिडला पांढरे कपडे घालून त्याने चॅपाक्वा गावात रीडर्स डायजेस्टच्या पार्किंगमध्ये धावायला, उड्या मारायला लावलं आणि व्हिडिओ कॅमेऱ्यावर टिपलं. पुढचं काम वाचूनच दमायला होतं. टेप एकेका फ्रेमवर थांबवायची, अंधाऱ्या खोलीत टीव्हीच्या काचेचे साध्या कॅमेऱ्याने फोटो काढायचे, ते धुऊन आणायचे. मग काळ्या मार्करने आणि खोडायच्या पांढऱ्या शाईने आकृती कोरून घ्यायची, चित्रं ओळीने चिकटवून झेरॉक्स काढायची, म्हणजे नुसती छायाकृती उरते. ती पुन्हा कॅमेऱ्यातून संगणकात घ्यायची आणि शेवटी ठिपका ठिपका हाताने दुरुस्त करायची. प्रोग्राममध्ये या चित्रांचा क्रम लावणारी एक स्वतंत्र फाइल आहे. या चित्रानंतर ते, आणि मध्ये इतके ठिपके पुढे. पळण्याच्या फेऱ्यात हे आकडे दर चित्राला बदलतात. भावाचं पाऊल जसं पडलं, तसे.

या चैनीची किंमत मेमरीत मोजावी लागली. गेमला १२८ के मेमरी लागायची, म्हणजे आज फोनवर येणाऱ्या ‘गुड मॉर्निंग’च्या चित्राएवढीही नाही. त्यात महाल, सापळे, आवाज, वडील फ्रान्सिस मेकनर यांनी रचलेलं संगीत आणि हा एक देखणा राजपुत्र. खेळ झाला होता सुंदर आणि थोडा कंटाळवाणा, कारण लढायला समोर कोणीच नव्हतं. ब्रॉडरबंडमधली मैत्रीण टोमी पिअर्स ‘मारामारी हवी’ म्हणून मागे लागली होती आणि मेकनर सांगत होता, दुसरं पात्र ठेवायला जागाच नाही.

मार्ग निघाला तो प्रोसेसरच्या एका आज्ञेतून. ६५०२ या चिपला ‘ईओआर’ नावाची क्रिया येते: दोन बिट सारखे असतील तर शून्य, वेगळे असतील तर एक. राजपुत्राचंच चित्र घ्यायचं, एका बिटाने सरकवायचं आणि मूळ चित्राशी ही क्रिया करायची. आतला भरीव भाग स्वतःलाच खोडून टाकतो, कडा तेवढ्या शिल्लक राहतात आणि स्क्रीनवर थरथरणारी, पोकळ अशी एक आकृती धावू लागते. चालणं-उडणं तेच, नवीन चित्र एकही नाही. जन्मला तो छायापुरुष.

तो येतो चौथ्या लेव्हलला. बाहेरचं दार उघडतं आणि परतीच्या वाटेवर आरसा उभा असतो. धावत जाऊन त्यातून उडी मारल्याशिवाय गत्यंतर नाही. मारली की आरशाच्या दुसऱ्या बाजूने तो निसटतो आणि तुमचं आयुष्य, जे स्क्रीनवर त्रिकोणांनी मोजलं जातं, एका त्रिकोणावर येतं. पाचव्या लेव्हलला तुमच्या डोळ्यांदेखत तो बाटली पिऊन टाकतो. सहाव्यात दार बंद करून तुम्हाला खाली पाडतो. बाराव्यात समोरासमोर गाठ पडते. तलवार चालवावी तर घाव त्याला बसतो आणि आयुष्य तुमचंही घटतं. तलवार म्यान करायची आणि सरळ चालत त्याच्यात शिरायचं, हे आमच्यापैकी कोणाला आपणहून सुचलं असेल असं वाटत नाही. ते कुणाच्या तरी मोठ्या भावाकडून कळायचं.

टंचाईतून कला फुलते, हे वाक्य मला फारसं मानवत नाही. त्याच काळात मेमरीच्या टंचाईने शेकडो गेम भिकार झाले. इथे तंत्राची तडजोड कथेच्या कामी आली ती मेकनर सिनेमावाला होता म्हणून. छायापुरुष जमल्यावर त्याने खोदखोदून जागा काढली आणि पहारेकरीही आले. त्यांच्या तलवारबाजीसाठी १९३८ च्या ‘रॉबिन हूड’ चित्रपटातलं एरल फ्लिन आणि बॅझल रॅथबोनचं द्वंद्व चित्र थांबवून थांबवून उतरवलं.

आता काळजीचा भाग. हा प्रोग्राम वाचायला मिळतो तो नशिबाने. २००२ च्या सुमारास, युबिसॉफ्ट कंपनीसोबत नव्या ‘प्रिन्स’चं काम चाललं असताना, मेकनरने मूळ डिस्क शोधल्या, सापडल्या नाहीत. मार्च २०१२ मध्ये वडिलांनी कपाटाच्या तळाशी मिळालेला खोका पाठवला, त्यात त्या होत्या. वीस वर्षांहून जुन्या. फ्लॉपी म्हणजे प्लॅस्टिकवरचा चुंबकीय लेप. तो सुटतो, विरतो आणि वाचायच्या पहिल्याच प्रयत्नात कायमचा खरवडलाही जाऊ शकतो. एप्रिलमध्ये इंटरनेट अर्काइव्हचा जेसन स्कॉट आणि ॲपल टू यंत्रांचा संग्राहक टोनी डियाझ मेकनरच्या घरी आले, जुनी यंत्रं मांडली आणि साडेतीन इंची डिस्कवरून मजकूर उतरवून घेतला. तो सुखरूप निघाला.

विकल्या गेलेल्या डिस्कची कथा अधिक किचकट. साध्या ॲपल टू डिस्कवर एका ट्रॅकमध्ये १६ सेक्टर मावतात. रोलंड गुस्ताफसनने या गेमसाठी वापरलेल्या रचनेत १८ मावत. जागाही वाढली आणि नेहमीच्या कॉपी प्रोग्रामला ती डिस्क वाचताही येईना. चोरी टाळायची युक्ती जतन करणाऱ्याच्याही मुळावर येते. त्या काळचे किती तरी गेम आज शिल्लक आहेत ते कुलूप तोडणाऱ्यांच्या प्रतींमुळे, आणि त्या प्रतींत जागा वाचवायला कुठे सुरुवातीचं चित्र गाळलेलं, कुठे संगीत. डॉसच्या ‘प्रिन्स’चं कुलूप निराळं होतं: पहिल्या लेव्हलनंतर अक्षरांखाली मांडलेल्या बाटल्या. कुठली प्यायची ते मॅन्युअलच्या अमुक पानावरच्या अमुक शब्दावरून ठरे, बाकीच्यांत विष. मॅन्युअल आपल्याकडे पाहिलं होतं कोणी? आमच्या क्लासच्या फ्लॉप्यांना पावसाळ्यात बुरशी धरायची, व्हायरस तर पाचवीलाच पुजलेला. त्या कोणी जपल्याचं ऐकिवात नाही.

आणि कपाटातून निघाला तो ॲपल टूचा प्रोग्राम. आपण खेळलो त्या डॉस आवृत्तीचा मूळ प्रोग्राम जाहीर झालेलाच नाही. शौकिनांनी फ्लॉपीवरच्या तयार फाइलचे आकडे उलट वाचत, एकेका आज्ञेचा अर्थ लावत तो सी भाषेत पुन्हा उभा केला. कायदा इथेही आडवा येतो. मेकनरने आपला कोड प्रसिद्ध करताना लिहून ठेवलंय की वाचा, बदला, चालवून बघा, माझी हरकत नाही. मात्र ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ नावाचे गेम काढायचा आणि विकायचा हक्क एकट्या युबिसॉफ्टचा. पुन्हा लिहिलेल्या आवृत्तीचं काम त्याच सावलीत चालू आहे. मूळ गेममधल्या चुकांसाठी तिने सेटिंगची एक लांबलचक फाइल ठेवली आहे: भिंतीतून आरपार जाणारी उडी, दारांचे चुकणारे आवाज. प्रत्येक चूक खेळणाऱ्याला हवी तर दुरुस्त करता येते, नको असेल तर १९९० सारखी चुकीचीच ठेवता येते.