हलगी शेकते, काँगाही शेकतो

काल पोळ्याच्या मिरवणुकीत तुम्ही मला विचारलंत, "आबा, हे हलगीवाले मधेच थांबून पाचोळा का पेटवतात?" तेव्हा बैलांच्या गडबडीत मला बोलता आलं नाही. आज सांगतो. पण ही गोष्ट आपल्या सिद्धेश्वर धरणाहून निघून थेट समुद्रापार जाईल, तेव्हा पेंगायचं नाही.

आपल्याकडे धरणाचं पाणी उशाला. येलदरीतून सुटलेली पूर्णा इथं पुन्हा अडवलेली. त्यात पावसाळ्याची ओल, हवा कशी जड झालेली असते बघा. हलगीवर असतं कातडं. कातडं म्हणजे बारीक तंतूंची वीणच, आणि ते तंतू हवेतली ओल पितात, फुगतात, सैल पडतात. सैल कातड्यावर काडी मारली की नुसतं 'भद्द' होतं. जाळावर धरलं की ओल उडते, तंतू आक्रसतात, कातडं ताणलं जातं आणि आवाज 'कडाड' फुटतो. ताण चौपट झाला की सूर बरोबर दुपटीनं चढतो. हलगीवाल्याच्या बोटांना हे कुणी शाळेत शिकवलेलं नसतं. तो जाळाजवळ धरतो, बोटानं टिचकी मारतो, ऐकतो, पुन्हा धरतो.

आता नकाशा काढा. अमेरिकेच्या खाली समुद्रात एक लांबट बेट दिसेल, क्यूबा. आफ्रिकेतून साखळदंडांत बांधून आणलेल्या माणसांनी त्या बेटावर आपले ढोल नव्यानं घडवले. त्यातला एक काँगा: उंच, पिंपासारखा, तळहातांनी वाजवायचा. पूर्वी त्याचं कातडं खिळ्यांनी ठोकलेलं असायचं, पिळायला कड्याबिड्या नव्हत्या. मग सूर चढवायचा कसा? तिथले वादक त्याला आगीची धग द्यायचे! हिंगोलीच्या हलगीवाल्यानं हवाना पाहिलं नाही, हवानाच्या वादकानं पोळा पाहिला नाही, आणि दोघांनी कातड्याची एकच खोड ओळखली. मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा रात्री झोप लागली नव्हती, खरं सांगतो.

या काँग्याभोवती पुढं एक बँड उभा राहिला. मेक्सिकोत औतलान नावाचं गाव आहे. तिथं 1947 साली कार्लोस सांताना जन्मला. वडील लग्नसमारंभांत व्हायोलिन वाजवायचे. म्हणजे आपल्याकडच्या सनईवाल्याचंच पोर म्हणा. वडिलांनी हाती व्हायोलिन दिलं, पोराचं मन गिटारीवर जडलं. कुटुंब सीमेवरच्या तिहुआनात गेलं, मग सॅन फ्रान्सिस्कोला. तिथं त्यानं हॉटेलात भांडी घासली आणि 1966 साली बँड काढला, सांताना ब्लूज बँड. पुढं त्यातलं 'ब्लूज बँड' गळालं, नुसतं 'सांताना' उरलं.

त्यात कोण कोण होतं ऐका. काँग्यावर मायकेल काराबेलो. टिंबाल्स म्हणजे पत्र्याच्या अंगाचे जोडढोल, त्यावर निकाराग्वाचा चेपितो आरेआस. ड्रमवर वीस वर्षांचा मायकेल श्रीव्ह, ऑर्गनवर ग्रेग रोली, बेसवर डेव्हिड ब्राऊन. ऑगस्ट 1969 मध्ये वुडस्टॉकच्या संगीत मेळ्यात लाखोंच्या गर्दीपुढं ही मंडळी उभी राहिली, तेव्हा त्यांची पहिली तबकडी दुकानात आलीसुद्धा नव्हती. संध्याकाळपर्यंत सगळी गर्दी त्यांना ओळखत होती.

"पण आबा, ढोल आणि गिटार एकत्र का बसवायचे?" विचारा, विचारा. इथंच खरी गंमत आहे.

तार छेडली की ती एकाच वेळी अनेक तऱ्हांनी थरथरते. मूळ थरथर सेकंदाला शंभर असेल तर तिच्यासोबत दोनशे, तीनशे, चारशे अशाही निघतात. सगळे पूर्ण पटीत, जणू दिंडीत रांगेनं चाललेले वारकरी. म्हणून तारेचा सूर कानाला स्वच्छ वाटतो. गोल कातड्याचं तसं नाही. त्याची मूळ थरथर शंभर धरली तर पुढच्या येतात साधारण एकशे एकोणसाठ, दोनशे चौदा, दोनशे तीस. रांग नाही, जत्राच! म्हणून साध्या ढोलात ठोका असतो, पण सूर ठाम धरता येत नाही. बँडमध्ये ढोलांनी पाय नाचवायचे आणि तारांनी गाणं गायचं, ही वाटणी या थरथरीतूनच येते.

सांतानाची गिटार गाते तीही कशी! एकेक सूर मरायलाच तयार नसतो. तुम्ही हे आपल्या सप्त्यात ऐकलंय. कीर्तनकार महाराज माइक घेऊन चुकून कर्ण्यासमोर गेले की 'कूंऽऽऽ' अशी शिट्टी सुरू होते, आठवतं? माइकातला आवाज कर्ण्यातून बाहेर येतो, पुन्हा माइकात शिरतो, पुन्हा मोठा होऊन बाहेर. गिटारीत तेच घडतं. तारेची थरथर लोहचुंबकाजवळच्या वेटोळ्यात वीज जागवते, ती वीज स्पीकर हलवते, स्पीकरनं हललेली हवा पुन्हा त्याच तारेला हलवते. सप्त्यात आपण धावत जाऊन माइक बाजूला करतो. हा गडी मात्र ती नेमकी जागा शोधून तिथंच उभा राहतो आणि शिट्टीला सूर करतो.

बरं, या बँडच्या पहिल्या तबकडीतलं एक गाणं 'जिंगो'. ते मुळात त्यांचं नाहीच. नायजेरियातून अमेरिकेत शिकायला आलेले बाबातुंडे ओलातुंजी म्हणून थोर ढोलवादक होते, त्यांचं ते. पुढच्या वर्षी, 1970 साली, आलेलं 'ओये कोमो वा' हे टिंबाल्सचे बादशाह टिटो पुएंते यांचं. 'ब्लॅक मॅजिक वुमन' तर इंग्रज पीटर ग्रीनचं. दुसऱ्यांच्या विहिरीचं पाणी आणून यांनी आपलं शेत भिजवलं. मला हा मोकळेपणा फार आवडतो. 1973 साली सांतानानं गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिनसोबत तबकडी केली. हाच मॅकलॉफ्लिन त्याच सुमारास आपल्या झाकीर हुसेन यांच्याबरोबर 'शक्ती' या बँडची जुळवाजुळव करत होता.

झाकीरभाई मुंबईचे, 1951 चा जन्म, वडील उस्ताद अल्लारखाँ. तरुणपणीच ते सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात जाऊन राहिले, सांतानाच्याच गावाशेजारी म्हणा ना. 1991 साली तिथल्या मिकी हार्ट नावाच्या ढोलवादकानं जगभरचे तालवादक गोळा करून 'प्लॅनेट ड्रम' केलं. त्यात तबल्यावर झाकीरभाई, घटमवर विक्कू विनायकराम, काँग्यावर पोर्टो रिकोचे जोव्हानी हिदाल्गो आणि गायला कोण? 'जिंगो'वाले ओलातुंजी! सांतानाच्या 'जिंगो'नंतर बावीस वर्षांनी वर्तुळ तबल्यापाशी येऊन मिळालं. जागतिक संगीताच्या तबकडीसाठी पहिलंवहिलं ग्रॅमी पारितोषिक 1992 साली यांनाच मिळालं.

तबला त्या मेळ्यात काय वेगळं घेऊन गेला? शाईचा ठिपका. तबल्याच्या पुडीवर मधोमध काळा लेप असतो ना, तो शोभेचा नाही. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी प्रकाशाच्या शोधासाठी नोबेल मिळवण्याआधी दहा वर्षं, 1920 साली, शिवकाली कुमार यांच्यासोबत 'नेचर' या नियतकालिकात या ठिपक्याबद्दल लिहिलं. मधे जड लेप बसला की त्या जत्रेतल्या थरथरी हळूहळू सरकून रांगेत येतात, एक, दोन, तीन, चार, पाच. कातडं तारेसारखं गायला लागतं. कुण्या कारागिरानं, शेकडो वर्षांपूर्वी, हाती कसलंही यंत्र नसताना, थरावर थर घोटत, प्रत्येक थरानंतर कानानं ऐकत हे साधलं. त्या अनामिक माणसाला मी मनोमन नमस्कार करतो.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात, तेही याच घराण्यातलं. नर्सीला नामदेव महाराजांच्या देवळात भजनाआधी कणकेचा गोळा थापताना पाहिलाय ना तुम्ही? वजन वाढलं की थरथर मंदावते, सूर खाली उतरतो, घुमायला लागतो.

आणि हो, सांतानाची सगळ्यांत गाजलेली तबकडी 'सुपरनॅचरल' 1999 ची, आपला हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला त्याच वर्षाची. तिच्यातही गाणी वेगवेगळ्या पाहुण्यांसोबत, तरुण पोरांपासून एरिक क्लॅप्टनपर्यंत.

पुरे आता बोलणं. जा, आजीकडून ते रिकामं पातेलं आणा. फुटका फुगा कापून त्याच्या तोंडावर ताणून बांधा, चांगला घट्ट. वर चिमूटभर रवा टाका आणि मोबाईलवर ते 'जिंगो' गाणं लावून जवळ धरा. बघा, बघा, दाणे कसे उड्या मारतायत! आता रवा झटका. बोटानं टिचकी मारा, आवाज नीट ध्यानात ठेवा. आणि आजीनं कणीक मळलीच आहे, तेवढी लिंबाएवढी गोळी मधोमध चिकटवा.

हं. आता मारा टिचकी.