माशाच्या डोक्यावरची खिडकी

इंग्लंडच्या दक्षिणेला, हॅम्पशायरमध्ये टेस्ट आणि इचेन या नद्या आहेत. आपल्या हिशेबाने मोठे ओढेच. कित्येक ठिकाणी पाणी कमरेलाही लागत नाही. पण नितळ इतकं, की काठावरून तळातल्या पाणवनस्पतींचा एकेक तुरा मोजता यावा.

ही करामत खाली असलेल्या खडूच्या दगडाची. डायनासोरांच्या काळातल्या उबदार समुद्रात सूक्ष्म शैवालांची चुनखडी कवचं कोट्यवधी वर्षं साचत राहिली आणि त्यांचे शेकडो मीटर जाडीचे पांढरे थर झाले. त्याच युगाच्या अखेरीस इकडे लाव्हा उसळून दख्खनचा काळा कातळ घडत होता. कातळात पाणी मुरतं थोडं, वाहून जातं फार. म्हणून आपल्या नद्या आषाढात दुथडी आणि वैशाखात कोरड्याठाक. खडूचा दगड मात्र हिवाळ्यातला पाऊस पोटभर पिऊन ठेवतो आणि झऱ्यांवाटे वर्षभर पुरवून पुरवून सोडतो. गाळून आलेलं हे पाणी झऱ्यातून निघतं तेव्हा ऋतू कोणताही असो, साधारण १० अंश सेल्सिअसच असतं. जगात अशा नद्या सुमारे २००, आणि बहुतेक इंग्लंडमध्येच. त्यांतलं चुनायुक्त पाणी पाणवनस्पतींना, गोड्या पाण्यातल्या कोळंबीवजा जीवांना आणि असंख्य कीटकांना पोसतं. त्यांच्यावर पोसतात ट्राउट आणि ग्रेलिंग हे मासे.

आता पेच असा, की पाणी इतकं स्वच्छ असलं की गळ घेऊन आलेल्या माणसाला मासा दिसतो, तसा माशालाही माणूस दिसतो. पण कसा दिसतो?

पाण्याखालून वर पाहिलं तर सगळा पृष्ठभाग पारदर्शक नसतो. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, आणि बाहेरचं सगळं जग, पार क्षितिजापर्यंतचं, डोक्यावरच्या एका गोल खिडकीत गोळा होतं. खिडकीचा व्यास माशाच्या खोलीच्या सव्वादोन पटींहून जरासा जास्त. मासा अर्धा मीटर खोल असेल, तर सगळं आकाश, झाडं, काठ आणि काठावरचा माणूस मीटरभराहून थोड्या मोठ्या वर्तुळात. वर्तुळाबाहेर पृष्ठभागाचा आरसा होतो, आणि त्यात नदीचाच तळ दिसतो.

या आरशावरून एखादा कीटक वाहत येतो, तेव्हा ट्राउटला तो दिसतच नाही. दिसतात फक्त त्याच्या पायांनी पाण्याला पडलेल्या खळ्या, अधांतरी चमकणाऱ्या. कीटक खिडकीच्या कडेशी आला की आधी पंखांची टोकं उगवतात, तीही शरीरापासून तुटलेली. मग पंख खाली सरकत खळ्यांना येऊन मिळतात आणि घास पूर्ण होतो. ट्राउटने तोवर बहुधा मनाची तयारी केलेली असते. म्हणून गळावर कोंबड्याच्या मानेचं पीस गुंडाळून बनवलेला ‘ड्राय फ्लाय’, म्हणजे तरंगता नकली कीटक, आपल्याला खराट्यासारखा दिसला तरी बिघडत नाही. पिसाच्या ताठ काड्यांनी आरशावर नेमक्या खळ्या पाडल्या म्हणजे झालं. आणि काठावरच्या माणसाने वाकून, माशाच्या मागून यावं. मासा तोंड प्रवाहाकडे करून असतो, आणि बुटक्या वस्तू खिडकीच्या कडेला चेपून जवळपास नाहीशा होतात.

हा फ्लाय इतका हलका, की तो फेकताच येत नाही. वजन असतं दोरीत. काठी मागे-पुढे झुलवून दोरीच पाण्यावर पसरायची, टोकाचा फ्लाय आपसूक जातो. मग दोरी एका धारेत आणि फ्लाय दुसऱ्या धारेत सापडला की फ्लाय ओढला जातो, पाण्यावर बारीकशी रेघ उमटते, आणि मासा तोंड फिरवतो. माझ्या मते या खेळाची खरी परीक्षा त्या रेघेतच आहे.

मेच्या उत्तरार्धात मात्र माशांचा हा चोखंदळपणा सुटतो. साधारण दोन वर्षं गाळात बिळं करून राहिलेली मेफ्लायची पिल्लं वर येतात, पंख फुटल्यावर आणखी एकदा कात टाकतात (कीटकांत हे फक्त त्यांच्याच गणाला जमतं) आणि एक-दोन दिवसांत जोडी जमवून, अंडी घालून मरतात. खाण्याचा प्रश्नच नाही; तोंड निकामी असतं. त्या मेजवानीत ट्राउट इतके बेभान होतात, की या दिवसांना तिथे ‘डफर्स फोर्टनाइट’, म्हणजे अनाड्यांचा पंधरवडा, म्हणतात.

एरवी ट्राउट बहुतेक अन्न पाण्याखालीच खातो. तरीही फ्रेडरिक हॅलफर्डने १८८६ च्या पुस्तकापासून तरंगत्या फ्लायचं असं शास्त्र मांडलं, की त्याच्या अनुयायांनी त्याचा धर्मच करून टाकला. जी. ई. एम. स्क्यूज या वकिलाने १९१० मध्ये बुडत्या फ्लायची बाजू मांडली. हा वाद इतका चिघळला, की १९३८ मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्ये त्यावर रीतसर चर्चा ठेवावी लागली. टेस्ट-इचेनच्या काही पट्ट्यांवर आजही जुलै लागेपर्यंत बुडता फ्लाय वर्ज्य असतो. मला ही सोवळ्याओवळ्याची गोष्ट वाटते, पण सोवळं पाळणाऱ्यांनीच या नद्या जपल्या हेही खरं.

ग्रेलिंगला हे सोवळं लागू नाही. पाठीवर शिडासारखा पर मिरवणारा हा मासा तळाशी, थव्याने राहतो. ट्राउटची शिकार हिवाळ्यात बंद असते, तेव्हा हाच काठावरच्यांना सोबत करतो. ताज्या ग्रेलिंगला थाइमचा वास येतो म्हणतात. आपल्या ओव्यातला थायमॉल थाइममध्येही असतो. या ग्रेलिंगसाठी विल्टशायरच्या एव्हन नदीचा राखणदार फ्रँक सॉयर याने ‘किलर बग’ बनवला. गळावर तांब्याची तार आणि त्यावर रफू करायची लोकर, बस्स. चॅडविक कंपनीची ४७७ नंबरची ही लोकर भिजली की गुलाबीसर होते, अगदी ग्रेलिंगच्या आवडत्या कोळंबीच्या रंगाची. ती बनणं कधीच बंद झालं. शौकीन लोक आज्यांच्या जुन्या शिवणपेट्यांतून उरलेली कार्डं हुडकत असतात.