मॉरिशस सव्वासहा तासांवर

लग्नसराई संपली की लालबाग-परळच्या चाळींतून, आणि त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरांतूनही, हल्ली मॉरिशसची तिकिटं निघतात. तिकीट आलं की घरातलं कुणीतरी बोटांवर हिशेब मांडतंच. समजा, विमान सकाळी सहाला सुटून पावणेअकराला पोचणार आहे. म्हणजे पावणेपाच तास. आणि येताना? पावणेआठ! वाट तीच, मग तीन तास कुठे गेले?

कुठेच नाही. मॉरिशसचं घड्याळ आपल्या दीड तास मागे. जाताना तो दीड तास पदरात पडतो, येताना वळता होतो. खरा प्रवास दोन्हीकडून साधारण सव्वासहा तासांचाच. न्यूयॉर्कचं तसं नाही. तिकडे जाताना वरच्या थरातले पश्चिमी वारे समोरून येतात, म्हणून परतीपेक्षा जाताना खरोखरच तास-दीड तास जास्त लागतो. मॉरिशस मात्र बरंचसं सरळ दक्षिणेला. वारा तिथे फारसं देत नाही, फारसं घेतही नाही.

अंतर सुमारे 4,700 किलोमीटर. दिल्ली 1,150, म्हणजे मॉरिशस चौपट लांब. वेळ मात्र तिपटीच्या आसपास. कारण धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, वर चढणं, खाली उतरणं यांतला वेळ जवळच्या आणि लांबच्या प्रवासाला जवळपास सारखाच जातो. शिवाय लालबागहून सहारचा रस्ता आणि तीन तास आधीची हजेरी. ती कुठल्याच तिकिटावर छापत नाहीत.

या वाटेवर खाली जवळजवळ सगळं पाणीच. दोन इंजिनांच्या विमानाला समुद्रावरून नेताना एक इंजिन बंद पडलं तर ठरलेल्या मिनिटांत कुठला विमानतळ गाठता येईल, हे निघण्याआधीच कागदावर असावं लागतं. इथे डावीकडे मालदीव, उजवीकडे सेशेल्स; दोन्ही खिडकीतून न दिसण्याइतके दूर, पण हिशेबात असलेले.

शिडाच्या जहाजांना हेच पाणी कापायला महिना-दीड महिना लागे. हिवाळ्यातला ईशान्येचा वारा शिडांना खाली नेई, पावसाळ्यातला नैर्ऋत्येचा तोंडावर येई. 1834 पासून मॉरिशसच्या ऊसमळ्यांवर हिंदुस्थानातून करारावर मजूर जाऊ लागले, आणि पुढे मुंबई बंदरातून त्यांत रत्नागिरीकडची माणसंही गेली. मुंबईची पहिली कापडगिरणी ताडदेवला सुरू झाली 1856 मध्ये. म्हणजे गिरणगावाचा भोंगा वाजण्याआधीच कोकणी माणूस तिकडे ऊस तोडत होता! त्यांच्या वंशजांकडे गणपतीत अजून जाखडी नाचतात आणि गणेश चतुर्थीला तिथे देशभर सुट्टी असते.

हे मजूर पोर्ट लुई बंदरात ज्या पायऱ्यांवर उतरले, तो आप्रवासी घाट 2006 पासून जागतिक वारसा यादीत आहे. विमानतळ मात्र बेटाच्या आग्नेय टोकाला, त्यामुळे घाट पाहायचा तर टॅक्सीचा तासभर वेगळा धरावा.